भागाकार

आज सकाळी आठच्या फेरीला
सिनारीबाईंची नवी गाडी रँपवर चढता चढता अडली.
अशी अडली, की मागच्या सीटवरची वह्यांची पिशवी
पुढे येऊन गिअरपाशी पालथी झाली.

मी हात दाखवत होतो: या, या, अजून या.
बावीस वर्षं दाखवतोय.
पुढच्या टेंपोपर्यंत चार हात जागा होती,
चार हात म्हणजे आमच्यात मैदान.

"मी नाही दाबला ब्रेक," बाई काच खाली करून म्हणाल्या,
"तिनंच दाबला."

मागे हॉर्न. वरून तांडेल ओरडला,
सोयरू, ती गाडी सोवळ्यात आहे काय रे,
कुणाला शिवायला तयार नाही!

चोडणहून रायबंदर किती लांब?
तेवढ्यात बाईंनी, विज्ञान शिकवतात त्या हायस्कुलात,
बॉनेटवरच्या धुळीत बोटानं आकृती काढली.
नाकात रडार. आरशामागे कॅमेरा.
रडार हाक मारतं, हाक आदळून परत येते,
येताना सांगते, समोरचं किती लांब आहे
आणि किती जोरात जवळ येतंय.
मग गाडी भागाकार करते:
अंतर भागिले वेग, हाती उरले किती सेकंद.
अडीच उरले की पिंपिं करते.
दीड उरले की ब्रेक चाकाला नुसते टेकवून ठेवते,
बोट लागायच्या आधी मी खुंट्याला
दोराचा एक वेढा देऊन ठेवतो, तसे.
तरीही माणसाचा पाय हलला नाही
तर मग विचारत नाही.
दाबते.

"मग आज कुणाला बघून दाबला?"

आज रँपचा पत्राच भिंतीसारखा दिसला असेल तिला,
एवढं लोखंड, असा चढ,
आणि बाईंचा पाय पहिल्या तासाच्या घाईत.
"भागाकार बरोबर होता," त्या म्हणाल्या,
"आकडाच चुकीचा उतरवून घेतला. मुलं घेतात तसा."

मला जरा बरं वाटलं.
फादर आग्नेलांच्या गाडीचा दिवा
माझ्याच 'या, या'नं फुटला होता,
तीन हप्त्यांत भरला.

मग मांडवीच्या मध्यावर, इंजिनचा आवाज एकसारखा झाल्यावर,
मी इनासचं विचारलं.
विचारायचं ठरवलं नव्हतं.
शेवटची फेरी सुटून पलीकडे गेली होती,
मी साखळीपासून अजून लांब होतो,
आणि तो उतारावरून सरळ आला,
बोट लागलेली असणार या भरवशावर.
मी दोन्ही हात वर केले होते. दोन्ही.
गाडी ओहोटीला वर आली, दुसऱ्या दिवशी.

"ही असती, तर थांबली असती?"

बाईंनी आधी धुळीतली आकृती पुसली,
मग हात कुठे पुसायचा ते बघत राहिल्या.
"नाही, सोयरू.
समोर काही असलं तर तिला कळतं.
काहीच नसलं की तिच्या लेखी वाट मोकळी.
पाण्यावरून हाक परत येत नाही,
ती तशीच पुढे निघून जाते."

पलीकडच्या दिव्यांपर्यंत जात असेल, मी मनात म्हटलं.

धक्का आला. त्यांनी कसलंसं बटण दाबलं,
आता रँपवर नाही अडणार म्हणाल्या.
"वर रस्त्याला लागलात की परत चालू करा,"
मी सांगितलं, जणू मीच विकली होती गाडी.

रात्री शेवटची फेरी गेली की
मी साखळी लावतो, वर कुलूप.
तांडेल हसतो, नदी कोण चोरणार?
मी शेवटच्या खांबापासून पाण्यापर्यंत चालून बघतो.
अकरा पावलं.
अकरा भागिले इनासचा वेग,
इथवर येतो आणि अडतो,
वेग मला कुणी सांगितलेलाच नाही.
कुलूप एकदा ओढून बघतो.
साखळी गंजलीय, तळहात लाल होतात.